सनावळी आणि सातत्य : ‘तुंबाड’च्या निमित्ताने

अद्भुतकथेचे ‘एकदा’ या एका क्रियाविशेषणावर भागते; चित्रपटात मात्र वेष व वाहने काळ उघड करतातच. नारायण धारप यांच्या भयकथेपासून प्रेरणा घेतलेल्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाने तर कथानक १९१८, १९३३ व १९४७ अशा तीन टप्प्यांत बांधले. या सनांमुळे अद्भुताचे बळ उणावते काय? याचे उत्तर आजीच्या पात्रात आढळते. विनायक बालकाचा प्रौढ होतो; आजी मात्र मरत नाही, तिच्या देहातून झाड उगवलेले असते. कालगणना माणसांना लागू पडते, शापाला नव्हे. हा भेद काटेकोरपणे पाळल्यामुळेच शेवट अर्थपूर्ण ठरतो : १९४७ मध्ये देश मुक्त होतो, पण लोभाचे सातत्य तुटते ते त्या सनाने नव्हे, पुत्राच्या नकाराने.