कालरेषेवरचे नसलेले शून्य

इतिहासाच्या तासाला फळ्यावर एक आडवी रेषा काढली जाते. मधोमध शून्य, डावीकडे इ.स.पू., उजवीकडे इ.स. रेषा सुबक दिसते, पण ती चुकीची आहे. इ.स.पू. 1 संपले की लगेच इ.स. 1 सुरू होते. मध्ये शून्य नावाचे वर्षच नाही. म्हणून इ.स.पू. 5 च्या आरंभापासून इ.स. 5 च्या आरंभापर्यंत दहा नव्हे, नऊच वर्षे भरतात.

इ.स. 525 मध्ये डायोनिसियस एक्झिगस या मठवासीने येशूच्या जन्मापासून वर्षे मोजायला घेतली, तेव्हा हाताशी रोमन अंक होते आणि त्यांत शून्य नव्हते. खगोलशास्त्रज्ञांनी पुढे हिशेबाच्या सोयीसाठी शून्य वर्ष मानले. त्यांचे –43 म्हणजे इतिहासातले इ.स.पू. 44, ज्युलियस सीझरच्या खुनाचे वर्ष.

आमची मोठी तक्रार मात्र सूत्रांबद्दल आहे. ‘शकात 78 मिळवा’ हे मुलांकडून पाठ करून घेतले जाते. शिवराज्याभिषेक शके 1596. 78 मिळवले की 1674. जमले! आता जेधे शकावलीतील शिवजन्माची नोंद घ्या: फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. सूत्राने येते 1629. तारीख आहे 19 फेब्रुवारी 1630. शक चैत्रात पालटतो, इसवी सन जानेवारीत. मधल्या काळात 79 मिळवावे लागतात. हे न सांगता दिलेले सूत्र म्हणजे मुलाला दिलेला चकवाच.

शिवाय सूत्रामुळे असा समज होतो की प्रत्येक प्राचीन घटनेवर सालाचा शिक्का होताच. अशोकाच्या लेखांत कोणताही शक नाही. अभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर कलिंग जिंकले, एवढेच तेरावा शिलालेख सांगतो. मग इ.स.पू. तिसरे शतक कशावरून? त्याच लेखात अंतियोक, तुरमाय, अंतिकिन, मग आणि अलिकसुंदर या पाच यवन राजांची नावे आहेत. त्यांचा काळ ग्रीक साधनांतून ठाऊक आहे. हे पाचही जण एकाच वेळी राज्य करीत होते ती थोडी वर्षे शोधली की अशोकाचा काळ हाती लागतो.

ही खरी वैज्ञानिक रीत: पुरावा, तुलना, अनुमान. पाठ्यपुस्तकांत नेमकी हीच गाळली जाते आणि उरते ते साल.

आमची शिक्षकांना विनंती एवढीच, की कालरेषेवरचे ते शून्य पुसताना ते का पुसले हे मुलांनाच शोधू द्यावे. पुढच्या वेळी साल सांगितले की ‘हे कशावरून?’ असे एखादा मुलगा नक्की विचारील.