पत्रा जाड म्हणजे गाडी मजबूत?

कारंजा लाडहून मूर्तिजापूर किंवा मंगरूळपीरकडे रोज अप-डाऊन करणाऱ्यांमध्ये गाडी जोखण्याची एक रीत रूढ आहे. बॉनेटवर बोटाने टकटक करायचे. आवाज भरीव आला तर गाडी दणकट, पोकळ आला तर डबडे. आमच्या मते ही परीक्षा चुकीची आहे. ती का चुकते, हे सांगताना विज्ञानाचे दोन धडे सहज शिकवता येतात.

पुण्यात तयार झालेल्या दोन गाड्या घेऊ. 1994 ची टाटा सुमो पिकअपच्या सांगाड्यावर बेतलेली होती. खाली शिडीसारखी पोलादी चासी आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी. 1998 च्या इंडिकात अशी शिडीच नव्हती. मजला, खांब, छप्पर हे पातळ पत्र्याचे भाग वेल्ड करून एकच पेटी बनवली होती. ही कल्पना आपल्याकडे जुनीच. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या फियाटला, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीलाही वेगळी चासी नव्हती. आणि ‘पूर्वीच्या मजबूत गाड्या’ म्हणताना लोक तिचेच नाव घेतात!

पातळ पत्र्याला बळ येते कुठून? काडेपेटीचा आतला खण दोन टोकांना धरून पिळा, तो सहज वळतो. आता तो बाहेरच्या वेष्टनात सरकवून पिळा. पुठ्ठा तोच, पण पेटी दाद देत नाही. बंद आकार पिळाला चांगला विरोध करतो. बळ नुसत्या जाडीत नसते, आकारातही असते.

म्हणून शिडीची चासी टाकाऊ ठरत नाही. सुमोच्या मागे सलग ॲक्सल आणि पाटे होते. पाटे भार पेलतात, शिवाय ॲक्सल जागेवर धरून ठेवतात. दहा माणसे आणि टपावर पोती घेऊन कच्च्या रस्त्याने जायला ही रचना योग्यच. मात्र भारासाठी ताठ केलेले पाटे रिकाम्या गाडीला उडवतात, आणि एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते. इंडिकाची मागची चाके स्वतंत्रपणे वरखाली होत.

खरा कस लागतो टकरीत. ताशी 54 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 15 मीटर. भिंतीवर आदळताना पुढचा भाग चुरगळून गाडीला थांबायला अर्धा मीटर मिळाला, तर सरासरी मंदन सेकंदवर्गाला 225 मीटर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे 23 पट. तोच भाग न चुरगळता दहाच सेंटिमीटर मिळाले, तर 115 पट. न दबणारी गाडी शाबूत राहील, आतला माणूस नाही. पुढचा भाग चुरगळावा आणि माणसांभोवतीचा पिंजरा टिकावा, हीच चांगली रचना.

2014 साली ग्लोबल एनकॅपने ताशी 64 किलोमीटरला केलेल्या चाचणीत टाटा नॅनोला शून्य तारे मिळाले. तिचा पिंजराच टिकला नाही. एअरबॅग नसलेल्या फोक्सवॅगन पोलोलाही शून्यच, पण तिचा पिंजरा टिकला होता. एअरबॅग असलेल्या पोलोने चार तारे मिळवले. पिंजरा आणि एअरबॅग दोन्ही हवेत, हे यातून उघड झाले. 2018 मध्ये रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनने पाच तारे घेतले. तीही पत्र्याची पेटीच.

पण ताऱ्यांवरही आंधळा विश्वास नको. समृद्धी महामार्गाला कारंज्याजवळून चढता येते आणि तिथे मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 64 वरून 120 वर गेल्यास ती साडेतीन पट होते. पाच तारे या वेगाची हमी देत नाहीत, आणि पट्टा न लावलेल्याला तर कोणत्याच वेगाची नाही. जाहिराती हे सांगत नाहीत.

तेव्हा दुसरा नियम शिकवताना विद्यार्थ्यांपुढे पत्र्याच्या जाडीऐवजी दोन प्रश्न ठेवावेत: माणसाला थांबायला अंतर किती मिळते, आणि तोवर त्याची बसायची जागा शाबूत राहते का? गाडी घेताना घरातल्या मोठ्यांनाही हेच प्रश्न विचारायला त्यांना सांगावे.