गीतरामायणाचे दोन पाठ : पात्रांचा कंठ आणि कथेकऱ्याचा कंठ

१

मराठीत गीताची समीक्षा करताना आपण बहुधा छापील शब्दांचीच समीक्षा करतो. चाल आणि आवाज हे शब्दांवर मागाहून चढवलेले साज आहेत, त्यांचा विचार संगीताच्या जाणकारांनी करावा, अशी एक अलिखित वाटणी आपल्याकडे झालेली आहे. या वाटणीमुळे एक प्रश्न दोन्ही बाजूंनी अस्पर्शित राहिला आहे. एखादे गीत प्रथम ज्या आवाजात ध्वनित झाले तो आवाज मागे पडून दुसऱ्याच आवाजात ते सर्वतोमुखी झाले, तर त्या गीताची संहिता तीच राहते काय? गीतातील ‘मी’ कोण आहे हे केवळ शब्दांवरून ठरते, की तो ‘मी’ ज्या कंठातून उच्चारला जातो त्यावरूनही?

चित्रपटगीतांच्या क्षेत्रात अशा स्थलांतराची उदाहरणे विपुल आहेत. ‘जत्रा’ (२००६) या मराठी चित्रपटातील अजय-अतुल यांचे गाणे ‘अग्निपथ’मध्ये (२०१२) हिंदी वेष घेऊन देशभर पोहोचले. पण तेथे भाषा, प्रसंग आणि गायिका सारेच बदलल्यामुळे आधीचे आणि नंतरचे हा भेद उघड दिसतो. ज्या ठिकाणी शब्द तेच, चाल तीच, आणि नंतरचा गायक हाच मूळचा संगीतकार, त्या ठिकाणी भेद झाकला जातो व उत्तरकालीन रूप हेच मूळ आहे असे सहज गृहीत धरले जाते. गीतरामायण हे याचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण आहे. या उदाहरणाच्या आधारे गीतसमीक्षेतील ‘मूळ’ या संकल्पनेची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम वस्तुस्थिती. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. तेथील अधिकारी सीताकांत लाड यांच्या आग्रहावरून ग. दि. माडगूळकर यांनी रामकथेवर गीतमाला लिहावयास घेतली आणि सुधीर फडके यांनी तिला चाली दिल्या. पहिले गीत १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, प्रसारित झाले. दर आठवड्याला एक नवे गीत शुक्रवारी सकाळी प्रसारित होई आणि पुढील दोन दिवस त्याचीच पुनरावृत्ती होई. वर्षाच्या हिशेबाने बावन्न गीते योजली होती. त्या वर्षी अधिकमास आल्याने ती छप्पन्न झाली. बा. वि. केसकर हे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री असतानाचा (१९५२–१९६२) हा काळ होता. नभोवाणीने चित्रपटगीतांवरचे अवलंबन सोडून स्वतःचे सुगम संगीत निर्माण करावे, हे त्या वेळचे धोरण होते. गीतरामायण हे त्या धोरणाचे मराठीतील सर्वांत टिकाऊ फलित म्हणावे लागेल.

या मूळ प्रसारणात गायक अनेक होते. कौसल्येसाठी ललिता फडके, सीतेच्या बहुतेक गीतांसाठी माणिक वर्मा, अहल्या व शबरी यांच्यासाठी मालती पांडे, विश्वामित्रासाठी राम फाटक, लक्ष्मणासाठी सुरेश हळदणकर, भरतासाठी वसंतराव देशपांडे, हनुमंतासाठी व्ही. एल. इनामदार असे आवाज योजलेले होते. वनात सोडून दिलेल्या सीतेचे गीत लता मंगेशकर यांनी गायिले. स्वतः फडके यांच्याकडे निवेदनाची गीते, रामाच्या तोंडची प्रमुख गीते आणि अन्य काही गीते होती.

पुढे १९५७ मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने गीतरामायण पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. १९५८ पासून फडके यांचे एकट्याचे जाहीर कार्यक्रम सुरू झाले, आणि १९६५ साली एच. एम. व्ही. ने सर्व गीते फडके यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रिकांवर आणली. हेच ध्वनिमुद्रण नंतर ध्वनिफितींवर आणि तबकड्यांवर आले व घरोघर गेले. आज लोणावळ्याजवळच्या तुंगार्लीसारख्या वस्तीत रामनवमीच्या सकाळी ध्वनिक्षेपकावरून ‘गीतरामायण’ ऐकू येते, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ १९६५ चे ध्वनिमुद्रण असाच असतो. त्यामागे कोणाचा दुष्ट हेतू नाही. नभोवाणीची ध्वनिफीत विक्रीसाठी नव्हती. ध्वनिमुद्रिका दुकानात मिळत होती. अनेक गायकांना गावोगावी नेणे अशक्य होते. पेटी पुढे घेऊन बसणारा एक गायक कोठेही जाऊ शकत होता. प्रसाराच्या साधनांनी एका पाठाला चिरस्थायी केले आणि दुसऱ्याला आठवणीवर सोडले.

३

तेव्हा आपल्यासमोर एकाच कृतीची तीन रूपे आहेत : १९५५–५६ चे बहुकंठी प्रसारण, १९५७ चे छापील पुस्तक आणि १९६५ चे एककंठी ध्वनिमुद्रण. यांतील पहिल्या व तिसऱ्या रूपातला फरक केवळ सादरीकरणाचा आहे, असे मानणे सोयीचे आहे. पण ते खरे नाही.

गीतरामायणातील बहुसंख्य गीते पात्रांच्या मुखी आहेत. त्यांत ‘मी’ आणि ‘तू’ यांचे संबंध प्रसंगागणिक बदलतात. आई मुलाला अडवते, भाऊ भावावर रागावतो, पत्नी पतीसोबत वनात जाण्याचा हक्क मागते. टी. एस. एलिअट यांनी १९५३ च्या एका व्याख्यानात कवितेचे तीन आवाज सांगितले आहेत : कवी स्वतःशीच बोलतो तो पहिला, श्रोत्यांशी बोलतो तो दुसरा, आणि कवीने निर्माण केलेले पात्र दुसऱ्या पात्राशी बोलते तो तिसरा. नाट्यात्म स्वगतात पात्राचे सोंग घेऊन वस्तुतः कवीच बोलत असतो व म्हणून तेथे दुसरा आवाज वरचढ ठरतो, असेही त्यांचे निरीक्षण आहे. हे विवेचन येथे फार उपयोगी पडते. नभोवाणीच्या प्रसारणाने गीतरामायणातील तिसरा आवाज ऐकू आणला. ध्वनिमुद्रिकेने तीच गीते दुसऱ्या आवाजात आणली. पहिल्या ठिकाणी कौसल्या रामाशी बोलते. दुसऱ्या ठिकाणी कौसल्या रामाशी काय बोलली ते गायक आपल्याला सांगतो.

हा फरक काळाच्या अनुभवातही उतरतो. नभोवाणीच्या श्रोत्याला एका गीतानंतर आठवडाभर थांबावे लागे. त्या आठवड्यात ते एकच पात्र आणि त्याचा एकच भाव श्रोत्याच्या मनात राही. मैफलीत एका गीतामागून दुसरे गीत येते, मध्ये निवेदन येते आणि कथेचा ओघ पात्राला पुढे ढकलतो. सुटी गीते जाऊन सलग आख्यान उभे राहते. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगाशी याचे नाते उघड आहे. कीर्तनकार सर्वांची भाषणे करतो, पण तो कोणीच होत नाही. अखेरपर्यंत तो बुवाच राहतो. फडके यांनी गीतरामायणाला जे रूप दिले ते या परंपरेतले आहे, आणि त्याच्या अफाट लोकप्रियतेचे एक कारण हेही असावे की मराठी श्रोत्याचा कान शतकानुशतके याच रूपावर घडलेला होता.

४

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. गीतरामायणाची चौकटच अशी आहे की कुश आणि लव रामापुढे रामाचेच चरित्र गातात. म्हणजे सर्व पात्रांची वचने अखेरीस गाणाऱ्यांच्याच मुखातून येतात. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्या बाळांना रामायण गाण्याची आज्ञा देतात आणि वर्तुळ पूर्ण होते. मग सर्व गीते एका कंठातून येणे हेच चौकटीशी अधिक प्रामाणिक नव्हे काय?

हा आक्षेप मान्य केल्याने एककंठी पाठ निराधार ठरत नाही, उलट त्याला संहितेतूनच आधार मिळतो. पण याच आक्षेपातून दुसरी गोष्टही सिद्ध होते. माडगूळकरांच्या संहितेत मुळातच दोन ओढी आहेत. चौकट कथेकडे ओढते. गीते नाट्याकडे ओढतात. कोणताही एक पाठ या दोन्ही ओढींना सारखा न्याय देऊ शकत नाही. १९५५ च्या पाठाने चौकट सैल केली आणि पात्रे सजीव केली. १९६५ च्या पाठाने चौकट घट्ट केली आणि पात्रे कथेकऱ्याच्या स्वाधीन केली. दोन्ही पाठ ऐकल्यावाचून संहितेतला हा ताण आपल्या लक्षात येत नाही. एकच पाठ ऐकणारा अभ्यासक त्या पाठाचा स्वभाव हाच कवितेचा स्वभाव मानून बसतो, आणि गीतरामायण हे ‘भक्तिपर आख्यान’ आहे असा निर्णय देऊन मोकळा होतो.

नाट्याच्या बाजूला जाणारा सर्वांत मोठा भाग स्त्रियांच्या गीतांचा आहे. कौसल्या, कैकेयी, अहल्या, शूर्पणखा, शबरी आणि सीता या सर्वांना माडगूळकरांनी स्वतंत्र उद्गार दिला आहे. १९५५ मध्ये हे उद्गार स्त्रीकंठातून आले. पात्रयोजना तेव्हाही नाटकासारखी काटेकोर नव्हती. एकच गायिका दोन पात्रे गाई, आणि एकाच सीतेला दोन आवाज मिळाले. पण स्त्रीचा उद्गार स्त्रीच्या कंठी, एवढे सूत्र पाळलेले होते. एककंठी पाठात ते सूत्र उरले नाही.

यावर कोणी म्हणेल की मराठी परंपरेला पुरुषकंठातील स्त्रीवचन नवे नाही. ज्ञानदेवांच्या विरहिणी आणि एकनाथांच्या गौळणी वारकरी पुरुषच गात आले आहेत, आणि बालगंधर्वांनी तर रंगभूमीवर स्त्रीचे अवघे विश्व उभे केले. हे खरे आहे. परंतु विरहिणीतील स्त्री ही जीवाची उपमा आहे, तिच्या ठिकाणी गाणाऱ्याने स्वतःला ठेवावे अशीच तेथे अपेक्षा असते. बालगंधर्व सुभद्रा किंवा रुक्मिणी ‘होत’ असत. त्यांचे गाणे हे त्या होण्याचाच भाग होता. कथेकरी यांपैकी काहीच करत नाही. तो पात्राविषयी करुणा बाळगतो, पण पात्राची जागा घेत नाही. म्हणून त्याच्या मुखी आलेला स्त्रीचा उद्गार हा उद्गार न राहता वृत्तान्त होतो.

हा फरक सर्वांत तीव्रतेने जाणवतो तो सीतात्यागाच्या गीतात. गर्भवती सीता अरण्यात एकटी उभी आहे. समोर लक्ष्मण आहे, पण तिचा प्रश्न अयोध्येतील रामाला आहे. १९५५–५६ च्या श्रोत्यांनी वर्षभर फडके यांचा आवाज प्रामुख्याने रामाचा आवाज म्हणून ऐकला होता. त्या पार्श्वभूमीवर लता मंगेशकर यांच्या आवाजात आलेला हा प्रश्न रामाच्या आवाजाबाहेरून, त्याच्या समोर येऊन उभा राहत होता. वर्षभरात या मालिकेत स्थिर झालेल्या आवाजांहून तो वेगळा असल्याने सीतेचे एकटेपण त्याने अधिकच गडद केले. एककंठी पाठात हाच प्रश्न रामाच्याच कंठातून येतो. जाब विचारणारी आणि ज्याला जाब विचारायचा तो, दोघांचा आवाज एक होतो. फडके यांच्या गाण्यातील आर्तता निर्विवाद आहे. पण ती आर्तता सीतेची न राहता सीतेसाठी वाटणारी होते. तक्रारीची जागा हळहळ घेते. गीतरामायणाने रामाच्या निर्णयाला प्रश्न विचारला की नाही, हा वाद करणाऱ्यांनी आपण कोणत्या पाठाविषयी बोलतो आहोत हे आधी सांगितले पाहिजे.

५

या विवेचनातून मूळ ध्वनिमुद्रण तेवढे खरे आणि नंतरचे बिघडलेले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मौखिक महाकाव्यांचा अभ्यास करणाऱ्या आल्बर्ट लॉर्ड यांनी (१९६०) दाखवले आहे की अशा परंपरेत ‘मूळ’ हा शब्दच निरर्थक असतो, कारण प्रत्येक गायन हे आपल्या जागी मूळच असते. मात्र हा दिलासा गीतरामायणाला अर्धाच लागू पडतो. ही कृती नामांकित कवीची, तारखेनिशी लिहिलेली व विशिष्ट आवाजांसाठी बांधलेली आहे. तिचा प्रयोग मौखिक परंपरेसारखा बदलत गेलेला नाही. एका पाठाने दुसऱ्याची जागा घेतली आणि मग तो स्थिर झाला.

अशा कृतीसाठी आपल्याला अधिक जवळची वाट पाठचिकित्सेची आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून हे शास्त्र मराठीला परिचित आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत वि. स. सुखटणकर यांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना सर्वाधिक प्रचलित पाठ आणि सर्वांत जुना साध्य पाठ या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या. प्रचलित पाठ त्यांनी फेकून दिला नाही; त्याला तळटीपेत आणि परिशिष्टात जागा दिली. गीतांच्या अभ्यासात नेमकी याच शिस्तीची उणीव आहे. येथे प्रचलित पाठच संहितेच्या जागी बसला आहे आणि पाठभेदांची नोंद करण्याची प्रथाच नाही. एखाद्या ओवीतील एका अक्षराच्या फरकावर चर्चा करणारे आपण, एका पूर्ण आवाजाच्या फरकाकडे मात्र काणाडोळा करतो.

पदव्युत्तर वर्गात गीतरामायण शिकवताना छापील पुस्तकाबरोबर प्रत्येक गीताचा प्रथम गायक, उच्चारणारे पात्र आणि संबोधित पात्र यांचे कोष्टक विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अवघड नाही. तेवढ्यानेही ‘हे कोण बोलते आहे?’ हा कवितेच्या वाचनातला पहिला प्रश्न जागा होतो. नाट्यपदे, भावगीते, लोकगीतांवरून बांधलेली चित्रपटगीते या सर्वांना तो लागू आहे. प्रसिद्ध आवाजाचे ऋण मान्य करूनही, त्याच्या आधी कोण गायले होते हे विचारणे हा केवळ स्मरणरंजनाचा भाग नाही. गीतातला ‘मी’ कोणाच्या हाती गेला, याचा तो शोध आहे. आणि गीतरामायणाच्या बाबतीत तो शोध थेट अरण्यात उभ्या असलेल्या सीतेपर्यंत जाऊन पोहोचतो.