पासंग न पाहता मोजलेले पाणी

पुस्तकांची परीक्षणे लिहिली जातात. यंत्राच्या खोक्यातून येणाऱ्या माहितीपत्रकाचे परीक्षण मात्र कोणी लिहीत नाही. वस्तुतः शाळेच्या प्रयोगशाळेत त्या यंत्रापुरते तेच एकमेव पाठ्यपुस्तक असते. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, मोजणारे खिशात मावणारे मीटर आता बऱ्याच शाळांत दिसते. अशाच एका मीटरबरोबर आलेले आठ पानी माहितीपत्रक आमच्यासमोर आहे. उत्पादकाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. या जातीची जी इतर पत्रके आम्ही पाहिली तीही फारशी वेगळी नाहीत.

जमेची बाजू आधी सांगू. पत्रकाची भाषा सोपी आहे, आकृत्या ठळक आहेत. बॅटरी कशी बदलावी, कोणते बटण किती वेळ दाबावे, हे कोणालाही समजेल. बफर द्रावणांचा सामू तापमानानुसार किती बदलतो याचे कोष्टकही दिले आहे. पण बटणांना सहा पाने आणि देखभालीला शेवटच्या पानावर चार ओळी, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. देखभाल म्हणजे काम संपल्यावरची झाडलोट, असा समज त्यातून होतो. खरे पाहता रासायनिक मापनात देखभाल हा मोजणीचाच पहिला भाग आहे.

तो कसा, हे पत्रक सांगत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. मीटरच्या टोकाला पातळ काचेचा लहानसा फुगा असतो. भिजलेल्या काचेवर ओलसर थर तयार होतो आणि पाण्यातील हायड्रोजन आयनांच्या प्रमाणानुसार तेथे विद्युत विभव निर्माण होतो. सामू एका एककाने बदलला की हा विभव २५ अंश सेल्सिअसला सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतो. मीटर प्रत्यक्षात मोजते ते एवढेच, पडद्यावरचा ७.४३ हा आकडा त्यावरून काढलेला असतो. काच म्हातारी झाली, तिच्यावर क्षार किंवा शेवाळ बसले, की ५९ चे ५५ होतात, ५० होतात. आकडा मात्र तितक्याच दिमाखात, दोन दशांश स्थळांपर्यंत, उमटत राहतो.

आता त्या चार ओळी पाहू. पहिली ओळ सांगते की वापरानंतर इलेक्ट्रोड स्वच्छ व कोरडा ठेवावा. हा सल्ला चुकीचा आहे. कोरड्या काचेवरचा ओलसर थर नाहीसा होतो आणि मीटर सुस्त व लहरी बनते. इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडच्या तीव्र (साधारण ३ मोलर) द्रावणात बुडवून ठेवावा. ऊर्ध्वपातित पाण्यातही ठेवू नये, कारण आतले क्लोराइड बाहेर झिरपून संदर्भ इलेक्ट्रोडचे द्रावण विरळ होते. दुसरी ओळ फडक्याने पुसायला सांगते. पुसल्याने काचेवर ओरखडे व स्थितिक विद्युतभार येतो. टिपकागदाने पाणी नुसते टिपावे. तिसरी ओळ ‘अधूनमधून’ बफर द्रावणाने तपासावे असे म्हणते. अधूनमधून म्हणजे केव्हा? आणि चौथी ओळ एकाच, ७ च्या आसपासच्या, बफरवर समाधान मानते.

आमचा मुख्य आक्षेप या चौथ्या ओळीला आहे. भाजी घेताना जुनी माणसे आधी रिकाम्या तराजूचा पासंग पाहत. एका बफरने मीटरचा पासंग तेवढा कळतो. वजनेच हलकी असतील तर ते कळत नाही. समजा इलेक्ट्रोड ५९ ऐवजी ५० मिलिव्होल्टच देत आहे. ७ च्या बफरमध्ये मीटर बरोबर ७ दाखवील. पण ज्या पाण्याचा खरा सामू ८.७ आहे, ते ८.४ दाखवले जाईल. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० (२०१२) मध्ये सामूची मर्यादा ६.५ ते ८.५ आहे. म्हणजे मर्यादेबाहेरचे पाणी ‘उत्तीर्ण’ झाले, आणि दोष पाण्याचा नसून इलेक्ट्रोडचा आहे, हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

हा नुसता कीस काढणे नव्हे. शिक्षकांच्या एका शिबिरात एकाच विहिरीचे पाणी चार मीटरांनी तपासले गेले. आकडे ६.९ पासून ८.१ पर्यंत आले. सहभागी मंडळींनी सरासरी काढली, ७.४, आणि तोच आकडा ग्रामपंचायतीला कळवला. आम्ही तेथे होतो; आम्हीही हरकत घेतली नाही. रात्री इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडमध्ये भिजत ठेवले, सकाळी दोन बफरांवर तपासले आणि विहिरीचे ताजे पाणी पुन्हा मोजले. तीन मीटर ८.१ च्या आसपास आले. चौथे सुधारलेच नाही. आदल्या दिवशीचे एकच मीटर खरे बोलत होते, आणि सरासरीने त्यालाही खोटे पाडले होते. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. जंतू मारण्याचे काम मुख्यतः हायपोक्लोरस आम्ल करते. सामू ७.४ असताना मोकळ्या क्लोरीनचा निम्म्याहून अधिक भाग या रूपात असतो, ८.१ ला जेमतेम पाचवा हिस्सा. पंचायतीला दुरुस्तीचे पत्र पाठवले, पण पहिलीच चिठ्ठी बरोबर जायला हवी होती.

१९३४ साली अर्नोल्ड बेकमन यांनी लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी काचेचा इलेक्ट्रोड आणि विवर्धक यांची सोयीची जोडणी केली. तेव्हापासून यंत्र लहान व स्वस्त होत गेले, हे चांगलेच झाले. पण काच तीच राहिली आणि तिची निगाही तीच राहिली. छोट्या यंत्राने ती निगा अनावश्यक झाली, असा भास माहितीपत्रकाने निर्माण करू नये.

मग पत्रकात काय असावे? पहिल्याच पानावर दोन बफरांची तपासणी असावी. पिण्याच्या पाण्यासाठी ६.८६ आणि ९.१८ ही जोडी सोयीची. दुसरे द्रावण शाळेतही करता येते: उकळून गार केलेल्या एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ३.८१ ग्रॅम शुद्ध बोरॅक्स. ते घट्ट बूच लावून ठेवावे, कारण हवेतील कार्बन डायॉक्साइडने त्याचा सामू उतरतो. वापरलेले बफर बाटलीत परत ओतू नये. दुसरे म्हणजे, प्रत्येक सूचनेपुढे तिचे कारण असावे. कारणाशिवायची सूचना विद्यार्थी विसरतात आणि शिक्षकही. तिसरे, नोंदवहीचे एक पान असावे: तारीख, दोन्ही बफरांत आलेले आकडे, तपासणाऱ्याचे नाव. महिन्याभराच्या नोंदींवरून इलेक्ट्रोडचे म्हातारपण मुलांना स्वतःच ओळखता येईल, आणि मापन म्हणजे काय हे दहा व्याख्यानांपेक्षा त्यातून अधिक समजेल.

उत्पादकांनी असे पत्रक छापावे अशी आमची अपेक्षा आहे. तोपर्यंत ते एक पान शिक्षकांनीच लिहून खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवावे, आणि बफरांची नोंद नसलेला आकडा शाळेबाहेर जाऊ देऊ नये.