खोडरबराविना फोटो

आमच्या जालन्याहून मोसंबी, बियाणं आणि लोखंडी सळया जशा तयार होतात तशाच बाहेर जातात. स्टुडिओतून नवरदेव मात्र तसा कधीच बाहेर पडत नाही. वैशाखात भोकरदनच्या मांडवात चांगला रापलेला, घामाघूम असा उभा असतो. अल्बमात पाहावं तर थेट स्वित्झर्लंडचा जावई!

म्हणूनच 'मूळ फोटोला धक्का न लावता दुरुस्ती' या संप्रदायाचं परीक्षण करावं म्हणतो. कॅमेऱ्याची 'रॉ' फाइल म्हणजे शिजवायच्या आधीचा शिधा. चौदा बिटांची असली, तर तिच्यात उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात. नेहमीच्या जेपेगात एकेका रंगाला २५६. २००७ साली आलेलं लाइटरूम घ्या, की २००९ चं फुकटातलं डार्कटेबल, ही मंडळी मूळ चित्राला हात लावत नाहीत. उजेड इतका वाढवा, सावली इतकी उचला, असं वेगळं टिपण ठेवतात. टिपण बाजूला सारलं, की मूळ नवरदेव घामासकट हजर!

आम्हा बँकवाल्यांना ही पद्धत घरची वाटते. हाती लेजरच्या जमान्यात खोडरबर वर्ज्य. चुकलेल्या आकड्यावर लाल रेघ, शेजारी बरोबर आकडा, खाली सही. व्हाउचर जसंच्या तसं.

उलट जुने स्टुडिओवाले निगेटिव्हवरच पेन्सिल चालवत. देवीचे व्रण एकदा बुजले, की बुजले. पण त्यांनाच का बोल लावा? अजिंठ्याची चित्रं उतरवून घेणाऱ्यांनी ती उठून दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निश फासलं. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ आणले. त्यांनी लाखेचं रोगण चढवलं. ते पिवळं पडलं, आणि पुढे पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ ते काढत बसले. अजिंठ्याला 'मागे जा' असं बटण नव्हतं.

तेव्हा पद्धत शंभर नंबरी. खोट आहे ती व्यवहारात. फोटोवाला आपल्या हाती देतो ते फक्त जेपेग. डिस्क भरली, की रॉ फाइली पुसून पुढच्या लग्नाला मोकळा. म्हणजे व्हाउचर जाळायचं आणि गिऱ्हाइकाला नुसती शिल्लक सांगायची! ऑडिटर काय म्हणेल?

ऑडिटर फोटोलाही येतोच, जरा उशिरा. घरातलं वडीलधारं माणूस जातं, आणि हार घालायला फोटो शोधताना लग्नाचा अल्बमच बाहेर निघतो. त्यात वडील गोरेपान, कपाळ गुळगुळीत. १९७२ च्या दुष्काळात पडलेल्या आठ्या एका झटक्यात माफ! नातू विचारतो, "हे कोण?" आजी चष्मा पुसून पुन्हा बघते.

तेव्हा अॅडव्हान्स देतानाच रॉ फाइली ठरवून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. अल्बमातला चेहरा पाहुण्यांसाठी असू द्या. आजीला आठ्यांसकटचाच लागतो.