चारांतली एक तार

बेस गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक वाक्य फार मानानं फिरतं: ‘टोन बोटांत असतो.’ पुरावा म्हणून जेम्स जेमर्सनचं नाव लगेच पुढे येतं. साठच्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत त्यानं कितीतरी हिट गाण्यांचा बेस वाजवला. वाद्य १९६२ सालचं फेंडर प्रिसिजन, तारा जाड फ्लॅटवाउंड, आणि उजव्या हाताचं बहुतेक वेळा एकच बोट. तार तुटल्याशिवाय तो बदलायचा नाही, असं सांगतात. मग तुझी नवी तार डेड वाटते म्हणून कुरकुर कशाला? गपचूप वाजव.

किस्सा मलाही आवडतो. पण त्यातून काढलेला हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो, आणि तो कसा चुकतो हे जेमर्सनच्याच आवाजात ऐकू येतं.

मार्विन गेचं ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हे गाणं इअरफोन लावून फक्त बेसकडे लक्ष देऊन ऐका. सूर गोल आहे, लवकर विझतो, धातूची खणखण जवळजवळ नाही. आता जेमर्सन खालच्या तारेवरून वरच्या तारेवर जातो ती ठिकाणं पाहा. आवाज उंच होतो, पण बोलणारा माणूस तोच राहतो. त्याच्या चारही तारा सारख्याच मंद आहेत. जुनेपणानं त्यांची चमक गेली आहे, पण एकमेकींशी असलेलं नातं शाबूत आहे. तो मंदपणा ही त्याची निवड होती.

आता दुसरं टोक. ‘द हू’चा बेसवादक जॉन एंटविसल याला नेमकी उलटी गोष्ट हवी होती: पियानोसारखा झणझणीत, लांब टिकणारा आवाज. त्यासाठी राउंडवाउंड तारा लागतात. वरून गोल तारेचे वेढे असल्यामुळे त्या हाताला खरखरीत लागतात आणि आवाजात जास्त चमकतात. पण इंग्लंडच्या रोटोसाउंड कंपनीच्या तारा लावल्यावर त्याची तक्रार अशी होती की डी आणि जी छान वाजतात, ई आणि ए मात्र नीट कंपच पावत नाहीत. १९६६ साली तो बेस घेऊन कंपनीच्या जेम्स हाऊकडे गेला आणि तारा बनवून, लावून, ऐकून पाहण्यात एक दुपार गेली. एंटविसलनं पुढे सांगितलं तसं, दोष गाभ्यात निघाला. बेसच्या तारेत मधे पोलादी गाभा असतो आणि त्यावर वेढे. ई आणि एचा गाभा पुरेसा जाड नव्हता. दुरुस्त झालेल्या तारांचा आवाज काय करू शकतो, ते ‘लाइव्ह ॲट लीड्स’ या १९७० च्या अल्बममध्ये ऐकू येतं.

दोघांची आवड दोन टोकांची. पण निकष मला एकच दिसतो: तार उजळ आहे की मंद हा आवडीचा प्रश्न, आणि चारांतली एक बाकीच्या तिघींशी जुळत नसेल तर तो दोष. ‘डेड’ या एकाच शब्दात आपण या दोन गोष्टी कोंबतो आणि मग एकीचं उत्तर दुसरीला देतो.

माझ्या बेसवर नवा संच चढवला तेव्हा ए तार पहिल्याच दिवशी घोंगडीखालून बोलल्यासारखी वाजत होती. दुकानातून उत्तर आलं, ‘वाजवत राहा, बसेल.’ नव्या तारेचा सूर एक-दोन दिवस उतरतो आणि मग बसतो, हे खरं. पण दबलेला आवाज वाजवून उजळत नाही. घामानं, मळानं तार पुढे मंदच होत जाते. बेसचा संच साध्या गिटारच्या संचापेक्षा कितीतरी महाग, त्यामुळे ‘बसेल’ हे उत्तर विद्यार्थ्याला चांगलंच महागात पडतं.

आरोप करण्याआधी तपासणी मात्र हवी. चढवताना तारेला पीळ पडला असेल तर ती सैल करून, खुंटीवरून काढून, पीळ सोडून परत लावावी. गोल गाभ्याची तार खुंटीपाशी वाकवण्याआधीच कापली तर वेढे सैल होऊन ती मरते. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळायला हवेत. बाकी तीन तारा जुळल्या आणि एक मात्र सॅडल टोकापर्यंत सरकवूनही जुळली नाही, तर संशय तारेवर. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एकच सूर लवकर मरत असेल तर तो बहुधा मानेचा डेड स्पॉट, तिथे तार निर्दोष. शेवटी जुनी ए तार परत लावून पाहावी. आवाज परत आला तर निकाल लागला.

‘मोबाइलवर बेस ऐकूच येत नाही, मग काय फरक पडतो?’ असंही कुणी म्हणेल. उघड्या ई तारेचा मूळ सूर सुमारे ४१ हर्ट्झ. फोनचा स्पीकर तो जवळजवळ देतच नाही. आपला मेंदू वरच्या स्वरांवरून तो खालचा सूर जुळवून घेतो. सदोष तारेचे वरचे स्वर आपापल्या जागी नसतात, म्हणजे मेंदूला जोडायला मिळतात तेच तुकडे वाकडे. तेव्हा फोनवर ऐकणाऱ्यालाही फरक पडतो. त्याला फक्त कारण कळत नाही, ‘काहीतरी बेसूर आहे’ एवढंच वाटतं.

तानपुऱ्याची खर्जाची तार नीट बोलत नसेल तर आपल्याकडे गायकाला कुणी ‘सूर गळ्यात असतो’ असं सुनावत नाही. जवारीचा दोरा सरकवतात, तरी नाही जमलं तर तार बदलतात. बेसच्या विद्यार्थ्यालाही एवढा मान मिळायला हरकत नसावी.

एंटविसल १९६६ साली प्रसिद्ध होता, त्याच्यासाठी दुपार काढणारा माणूस मिळाला. तुमच्यासाठी कदाचित मिळणार नाही. पण त्याच्या तक्रारीची रीत उचलता येते. ‘आवाज बरोबर नाही’ म्हणू नका. ‘ई, डी, जी ठीक, ए बाराव्या फ्रेटवर जुळत नाही, जुनी ए लावली की जुळते’ असं म्हणा. तार बदलून मिळाली, की मग बोटांबद्दल बोलू.