टेकलेले मस्तक : सूझन ऑप्टन यांची सैनिकचित्रे

सैनिकाचे छायाचित्र म्हटले की ताठ मान आणि समोर रोखलेली दृष्टी डोळ्यांपुढे उभी राहते. सैन्यभरतीच्या भित्तिपत्रकापासून चौकातील पुतळ्यापर्यंत हा साचा इतका स्थिर आहे, की 'उभे असणे' हा 'सैनिक' या शब्दाच्या अर्थाचाच घटक वाटू लागतो. अमेरिकन छायाचित्रकार सूझन ऑप्टन यांनी आपल्या 'सोल्जर' या मालिकेत नेमका तेवढाच घटक काढून घेतला. इराक व अफगाणिस्तान येथून परतलेल्या सैनिकांना त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील फोर्ट ड्रम या लष्करी तळावर मस्तक टेबलावर आडवे टेकावयास सांगितले. शस्त्र नाही, पदक नाही, रणभूमी नाही. चौकट व्यापून राहिलेला एक आडवा चेहरा.

२००८ साली अमेरिकेतील राजकीय पक्षांच्या अधिवेशनांच्या सुमारास ही चित्रे रस्त्यावरील भव्य जाहिरात-फलकांवर लावण्याचे योजिले होते. मिनियापोलिस-सेंट पॉल येथे संबंधित जाहिरात कंपनीने नकार दिला. चित्रांतील सैनिक मृत भासतात, हे कारण. या आक्षेपाला हसणे सोपे आहे. पण मालिकेचे इतके प्रामाणिक वाचन क्वचितच झाले असेल. जो उभा नाही तो मेलेला, हे आपल्या पाहण्याचे व्याकरण त्याने उघडे केले. उशीवरच्या माणसाचा चेहरा त्याच्या आईला वा पत्नीला असाच दिसतो, हा अर्थ त्या व्याकरणात बसतच नाही.

तथापि वीराचा साचा मोडून करुणेचा साचा घडविणे फार अवघड नसते, आणि 'बिचारा' सैनिक हा 'शूर' सैनिकाइतकाच अनाम असतो. इस्रायली छायाचित्रकार आदी नेस यांनी १९९९ मध्ये लिओनार्दोच्या 'अखेरच्या भोजना'च्या धर्तीवर तरुण सैनिकांना लांब टेबलाशी बसविले. रचना विलक्षण खरी. परंतु बलिदानाची कथा प्रेक्षकाला आधीच ठाऊक असल्याने तेथील प्रत्येक तरुण हुतात्म्याच्या जागी जाऊन बसतो.

ऑप्टन यांना यातून वाचवितात ती त्यांची शीर्षके. प्रथम 'सैनिक' हे सामान्यनाम, मग आडनाव, मग दिवसांची संख्या. एका शीर्षकात इराकमधील ३५३ आणि अफगाणिस्तानातील २०५ दिवस नोंदलेले आहेत. विशेषण नाही, क्रियापद नाही. जणू हजेरीपटावरील ओळ. अभिधा अंकांकडे राहते आणि व्यंजना सारी चेहऱ्याकडे, आणि दोहोंत जे अंतर पडते तेथे दयेला सहज शिरता येत नाही. त्या ५५८ दिवसांत काय घडले हे चित्र सांगत नाही, आणि शीर्षकही नाही.